अकरा लिंका आणि बारा मुलं

पत्राचा सारांश: नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. थोरला मुलगा साडेचार वर्षांचा. तो तीन वर्षांचा व्हायच्या आत त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं निदान झालं. धाकटी दहा महिन्यांची होत आली, पण नवव्या महिन्यातला गोवर-रुबेलाचा डोस अजून राहिलेला आहे. उपकेंद्रातल्या सिस्टर दोनदा घरी येऊन गेल्या. न्यू जर्सीला असणारे मोठे दीर घरच्या ग्रुपवर 'लशीमुळे ऑटिझम' अशा बातम्यांच्या लिंका पाठवत असतात. सासूबाई म्हणतात, 'एकाचं झालं ते पुरे.' नवरा म्हणतो, 'तू ठरव.' आईचे प्रश्न असे: इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सगळीकडच्या बातम्यांत आहे म्हणजे काहीतरी असेलच ना? मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत थांबलं तर चालेल का? आणि थोरल्याला सोळाव्या महिन्यात डोस दिला त्या रात्री त्याला ताप भरला, पुढच्या दोन महिन्यांत त्याचे होते ते चार शब्दही गेले. तेव्हा माझं चुकलं का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न लेकीच्या लशीचा आहे. दुसऱ्यांदा तिसऱ्या पानावरच्या एका ओळीशी थांबले: 'त्या दिवशी हे ड्युटीवर होते, मीच त्याला कडेवर घेऊन गेले होते.' या वाक्याखाली तुम्ही दोन रेघा मारल्या आहेत. लेकीबद्दलच्या एकाही वाक्याखाली रेघ नाही. त्यामुळे मला दोघांबद्दल लिहावं लागणार आहे.

लेकीचं आधी सांगून टाकते, कारण त्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. तिला डोस द्या, येत्या सत्रालाच. उशीर झाल्याने काही वाया गेलेलं नाही, आहे तिथून पुढे सुरू करायचं असतं. पण नुसतं 'द्या' म्हणून तुमच्या घरातला वाद मिटणार नाही हेही मला कळतं. म्हणून आता लिंकांकडे वळू.

तुम्ही अकरा लिंका उतरवून पाठवल्यात, त्या सगळ्या मी उघडून पाहिल्या. एका संध्याकाळचं काम होतं. ऑस्ट्रेलियातला एक व्हिडिओ आधार घेतो अमेरिकेतल्या एका लेखाचा, तो लेख आधार घेतो लंडनच्या एका जुन्या बातमीचा आणि ती बातमी येऊन थांबते १९९८ सालच्या एका शोधनिबंधापाशी. अकरापैकी सात लिंका अशाच फिरून त्याच दारात येतात. म्हणजे 'सगळीकडच्या बातम्या' तुम्ही म्हणता त्या बहुतेक एकाच विहिरीचं पाणी आहे. कळशा तेवढ्या वेगवेगळ्या गावांच्या.

त्या विहिरीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असायला हवी, म्हणजे भाऊजींनी बारावी लिंक पाठवली तरी तुम्ही ती कुठून आली ते ओळखाल. लंडनमधल्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये २६ फेब्रुवारी १९९८ रोजी एक पत्रकार परिषद झाली. अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात येणार होता. निबंधात मुलं किती? बारा. पोटाच्या तक्रारी असलेली आणि बोलणं-चालणं मागे पडलेली बारा मुलं. त्यांतल्या आठ जणांच्या बाबतीत घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी बिघाडाचा संबंध एमएमआर लशीशी, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींच्या एकत्र लशीशी, जोडला होता. ताडून पाहायला निरोगी मुलांचा गट नव्हता. खुद्द निबंधातच लिहिलं होतं की लस आणि हा आजार यांचा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही. पण पत्रकार परिषदेत वेकफिल्ड म्हणाले की गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लशी एकत्र देण्याऐवजी वेगवेगळ्या द्याव्यात. निबंध वाचणारे थोडे, ऐकणारे पुष्कळ. बातमी झाली ती बोलण्याची.

हे मी जरा तिऱ्हाईतासारखं लिहिते आहे, पण तसा मला अधिकार नाही. हे सदर लिहू लागण्याआधी मी बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, त्यांतली निम्मी रात्रपाळीत. परदेशातून एजन्सीची कॉपी यायची, तिचं मराठी करायचं आणि आतल्या पानावर उरलेल्या जागेत बसवायचं. अशीच एमएमआरची एक बातमी २००२ च्या सुमारास माझ्या हाताखालून गेली. मी मथळा दिला होता: 'गोवराची लस आणि स्वमग्नता: संबंध आहे का?' प्रश्नचिन्ह लावलं की बातमी खोटी ठरत नाही, हे आम्ही पहिल्या महिन्यातच शिकायचो. तिला तीन कॉलम मिळाले, सोबत रडणाऱ्या बाळाचा फोटो. आठ वर्षांनी 'लॅन्सेट'ने तो निबंधच मागे घेतला तेव्हा त्या बातमीला चार ओळी मिळाल्या, नवव्या पानावर, श्रद्धांजलीच्या जाहिरातींच्या डोक्यावर. त्या दिवशी ड्युटीवर मीच होते आणि चार ओळी पुरेत असं मलाच वाटलं होतं. तेव्हा ज्यांनी तीन कॉलम वाचले त्यांतल्या किती जणांनी त्या चार ओळी वाचल्या असतील?

मधल्या काळात काय झालं तेही ऐका. फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रायन डियर या पत्रकाराने लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये पहिला धागा ओढला. लसउत्पादकांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते आणि त्या बारांपैकी काही मुलं त्याच वाटेने आली होती. ही रक्कम पुढे चार लाख पौंडांच्या वर निघाली. गोवराच्या एका वेगळ्या लशीसाठी वेकफिल्ड यांनी पेटंटचा अर्जही करून ठेवला होता. दहा सहलेखकांनी २००४ मध्येच निबंधातल्या निष्कर्षावरून आपलं नाव काढून घेतलं. ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने जानेवारी २०१० मध्ये वेकफिल्ड यांना अप्रामाणिक ठरवलं. त्या चौकशीत एक तपशील आहे, तो माझ्या डोक्यातून जात नाही: स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या पोरांचं रक्त त्यांनी पाच-पाच पौंड देऊन काढून घेतलं होतं. फेब्रुवारीत निबंध मागे घेतला गेला, मे महिन्यात त्यांचा डॉक्टरकीचा परवाना गेला. पुढच्या वर्षी डियर यांनी रुग्णालयातल्या नोंदी आणि छापलेला निबंध शेजारी ठेवून मुलांचे तपशील कसे बदलले होते ते 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखवलं.

आग बातम्यांनी लावली आणि जळालेलं घर उकरून पुरावा काढला तोही एका बातमीदारानेच. आमच्या धंद्याबद्दल मी दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

आता 'काहीतरी असेलच ना' या तुमच्या वाक्याकडे येते. हे वाक्य तुमचं एकटीचं नाही. इंग्लंडात तेव्हा लाखो आईबापांच्या तोंडी हेच होतं आणि त्यात त्यांचा मूर्खपणा नव्हता. टीव्हीवर एका खुर्चीत डॉक्टर, दुसऱ्या खुर्चीत लशीविरुद्ध बोलणारा, दोघांना सारखीच मिनिटं. पाहणाऱ्याला वाटतं, मत फिफ्टी-फिफ्टी आहे. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या काळात लोकांना विचारून पाहिलं, तर निम्म्याहून जास्त लोक म्हणाले की दोन्ही बाजूंना सारखाच पुरावा असणार. वास्तविक एका खुर्चीमागे देशोदेशीचे अभ्यास होते आणि दुसऱ्या खुर्चीमागे ती बारा मुलं. डिसेंबर २००१ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना विचारलं गेलं, तुमच्या तान्ह्या मुलाला, लिओला, लस दिली का? खासगी बाब म्हणून त्यांनी उत्तर टाळलं. दिली होती, हे पुढे कळलं. पण त्या न बोलण्याने पुढचे कित्येक महिने मथळे भरले.

परिणाम कुठे दिसला ते पाहायचं तर वेल्समधल्या स्वान्सी या गावी जावं लागेल. तिथल्या स्थानिक सायंदैनिकाने १९९७ मध्येच, वेकफिल्डच्या निबंधाच्याही आधी, लशीविषयी शंका घेणारी मोहीम चालवली होती. ते वर्तमानपत्र जिथे पोचायचं त्या भागात लसीकरण जवळपास चौदा टक्क्यांनी घटलं, उरलेल्या वेल्समध्ये अडीचेक टक्क्यांनी. मग २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिथे गोवर आला. बाराशेच्या आसपास लोकांची नोंद झाली, पंचवीस वर्षांचा एक तरुण गेला. आजारी पडलेल्यांत दहा ते अठरा वर्षांची मुलं पुष्कळ होती. लहानपणी त्यांच्या आयांनी 'जरा थांबून बघू' म्हटलं होतं. त्याला पंधरा वर्षं झाली होती, मथळे कधीच जुने झाले होते आणि टोचायचं राहिलेली मुलं तेवढी मोठी झाली होती.

भाऊजींची शेवटची लिंक मात्र त्या सातांतली नाही, तिला वेगळं उत्तर द्यायला हवं. 'आता अमेरिकेच्या सरकारी साइटवरच आलंय,' असं ते म्हणतात. आलंय, हे खरं आहे. रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनियर फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथले आरोग्यमंत्री झाले. लशींविरुद्ध ते वीस वर्षं लिहीत-बोलत आले आहेत. त्यांचा २००५ सालचा एक गाजलेला लेख 'सलॉन' या नियतकालिकाने चुका निघाल्यामुळे २०११ मध्ये काढून टाकला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या खात्याखालच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने आपल्या पानावर लिहिलं की 'लशींमुळे ऑटिझम होत नाही' हे विधान पुराव्यावर आधारलेलं नाही, कारण शक्यता पूर्णपणे फेटाळली गेलेली नाही. जुना मथळा तसाच ठेवून त्याला फक्त एक तारांकन जोडलं. आता नीट वाचा: लशीमुळे ऑटिझम होतो, असा एकही नवा पुरावा त्यात दिलेला नाही. 'पूर्णपणे फेटाळलं नाही' हे तर आपण वरणभाताबद्दलही म्हणू शकतो. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीने सगळे अभ्यास पुन्हा चाळून संबंध नाही असंच सांगितलं. खुर्चीवरचा माणूस बदलला म्हणून डेन्मार्कमधली मुलं बदलत नाहीत.

डेन्मार्कचं असं. तिथे प्रत्येक मुलाची लस आणि प्रत्येक निदान सरकारी नोंदीत असतं. २०१९ मध्ये तिथल्या संशोधकांनी ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या. एमएमआर घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त नव्हता. तुमच्या कामाचा अभ्यास मात्र अमेरिकेतला, २०१५ चा आहे. त्यात अशा मुलांकडे पाहिलं ज्यांना थोरलं भावंड आहे, एकूण ९५,७२७ मुलं. त्यांतल्या सुमारे दोन हजार मुलांच्या थोरल्या भावाला किंवा बहिणीला ऑटिझम होता, अगदी तुमच्या लेकीसारखं. या मुलांतही लस घेतल्याने धोका वाढला नाही. आणि याच घरांत धाकट्यांना लस कमी दिली गेली होती. तुमच्यासारख्या आया तिकडेही आहेत, ताई.

जपानचं उदाहरण सासूबाईंना सांगण्याजोगं आहे. तिथे एमएमआर १९९३ मध्ये बंदच झाली. कारण खरं होतं: तिच्यातल्या गालगुंडाच्या घटकामुळे काही मुलांना मेंदूच्या आवरणाचा दाह होत होता. ते सापडलं आणि लस थांबवली. नंतर जन्मलेल्या, एकही एमएमआर न घेतलेल्या योकोहामातल्या मुलांत ऑटिझमची निदानं कमी झाली का? वाढतच गेली.

'लशीत पारा असतो' या मुद्द्यावर दोनच वाक्यं. काही बहुडोस कुप्यांत पाऱ्याचं एक संयुग अगदी अत्यल्प असतं, पण गोवर-रुबेलाच्या लशीत ते नसतं, कारण ती जिवंत विषाणूंची लस आहे आणि त्याने लसच मरेल. अमेरिकेत २००१ पर्यंत बहुतेक सगळ्या बाललशींतून ते काढलं, ऑटिझमचे आकडे तरीही चढत राहिले.

आता थोरल्याबद्दल.

सोळाव्या महिन्यातल्या त्या दिवशी त्याला एकच सुई टोचली नव्हती. कार्ड काढून बघा, गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसच्या ओळीशेजारी डीपीटीचा, म्हणजे त्रिगुणी लशीचा, बूस्टर दिसेल. त्याच रात्री ताप येतो तो बहुधा डीपीटीचा. गोवराच्या लशीचा ताप आला तर साधारण आठवडा उलटल्यावर येतो. म्हणजे ज्या तापाने तुम्हाला तीन वर्षं झोपू दिलं नाही, तो गोवराच्या लशीचा नसावा. आणि डीपीटीचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो.

शब्द जाण्याचं कारण मला पत्रावरून सांगता येणार नाही. एवढं सांगते की ऑटिझम असलेल्या काही मुलांचे आलेले शब्द दीड ते दोन वर्षांच्या आसपास जातात, लस घेतलेल्यांचेही आणि न घेतलेल्यांचेही. बोलणं, बोट दाखवणं, हाकेला वळणं याकडे घरच्यांचं लक्ष जातं ते वय आणि दुसऱ्या डोसचं वय एकच आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९४ मध्ये एक साधी गोष्ट केली. पुढे ज्यांना ऑटिझमचं निदान झालं अशा मुलांच्या पहिल्या वाढदिवसाचे घरगुती व्हिडिओ मागवून पाहिले. केक, टोप्या, आत्या-मावश्यांचा गोंगाट आणि नावाने हाक मारली तरी वळून न पाहणारं बाळ. खुणा तेव्हाच होत्या, घरच्यांना दिसल्या नव्हत्या इतकंच. तुम्ही त्याचा व्हिडिओ शोधायला बसू नका. स्वतःला पकडायला आणखी एक पुरावा शोधाल, मला तुमचा स्वभाव चार पानांत कळला आहे.

तुम्ही विचारलंत, माझं चुकलं का. नाही. त्या दिवशी तुम्ही एकट्याने, उन्हात, बाळ कडेवर घेऊन जे केलंत ते बरोबर केलंत. त्यामुळे तो गोवरापासून सुरक्षित आहे. ज्याला 'पोट दुखतंय' सांगता येत नाही अशा मुलाला गोवर होणं काय असतं, याचा क्षणभर विचार करा. गोवर म्हणजे नुसते पुरळ नव्हेत. त्यातून न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येऊ शकते आणि आधी कमावलेली प्रतिकारशक्तीही तो पुसून टाकतो. रुग्ण खोलीतून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, राज्यात बालकं दगावली. तिथलं मुख्य कारण करोनाच्या काळात राहिलेले डोस हे होतं, पण गोवर असली चौकशी करत बसत नाही. टेक्सासमध्ये २०२५ मध्ये दोन मुलं गेली, दोघांनाही लस दिलेली नव्हती. मालेगाव तुमच्याच जिल्ह्यात आहे, टेक्सास भाऊजींच्या देशात.

म्हणून 'तीन वर्षांची होईपर्यंत थांबू' हा मधला मार्ग वाटतो तसा नाही. गोवर सर्वांत वाईट वागतो तो याच वयात. थांबल्याने ऑटिझम टळत नाही, फक्त गोवराला दोन वर्षं दार उघडं राहतं.

लेकीसाठी वेगळी जागरूकता मात्र ठेवा, कारण थोरल्याला ऑटिझम असेल तर धाकट्याला असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते, साधारण पाचात एक. ही लशीची गोष्ट नाही, घराण्याची आहे. अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात तिची वाढ तपासून घ्या. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचा विभाग असतो, तिथे ही तपासणी आणि पुढची थेरपी होते. मधल्या काळात ती हाकेला वळते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, नजर देऊन हसते का, एवढं बघत राहा. रोज नाही, डोळ्यांत तेल घालून नाही. महिन्यातून एकदा वहीत चार ओळी लिहिल्या तरी पुरे.

घरच्यांचं. भाऊजींशी ग्रुपवर वाद घालू नका. फोन करा, त्यांना काळजी वाटते हे आधी मान्य करा आणि प्रत्येक लिंकबद्दल एकच विचारा: 'भाऊजी, यात मुलं किती आणि अभ्यास कुठल्या सालचा?' दोन-तीनदा विचारलंत की लिंका आपोआप कमी होतील. सासूबाईंपुढे मात्र आकडे नकोत. त्यांच्या पिढीने गोवर डोळ्यांनी पाहिला आहे. दाराला कडुलिंबाचा डहाळा, अंधाऱ्या खोलीत निजवलेलं पोर. गोवराने गेलेलं कुणी त्यांच्या माहितीत आहे का ते विचारा आणि त्या सांगतील ते शांतपणे ऐकून घ्या. 'एकाचं झालं ते पुरे' या वाक्यात नातवाचं प्रेम आहेच, पण ते त्याच्यासमोर बोललं जाऊ नये एवढं तुमच्या यजमानांनी आईला सांगावं. बोलत नसला तरी ऐकतो तो. आणि यजमानांना म्हणा, 'तू ठरव' चालणार नाही, या वेळी बरोबर या. पुढे कधी काही झालं तर आठवणीत तुम्ही एकट्या असता कामा नये.

लेकीला पूर्वी झटका आला असेल किंवा कुठल्या लशीने मोठी अ‍ॅलर्जी झाली असेल तर सिस्टरना आधी सांगा. साधी सर्दी असली तरी डोस देता येतो. सोबत जीवनसत्त्व अ चा डोस तोंडाने देतील. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. आठवडाभराने अंग गरम लागलं किंवा चार पुरळ उठले तर घाबरू नका.

थोरल्याला घरी ठेवायला कुणी नसेल आणि त्याला गर्दीतल्या बाळांचं रडणं सोसत नसेल, तर सिस्टरना आदल्या दिवशी निरोप द्या, आम्हाला सगळ्यांत आधी घ्या म्हणून. त्या घेतील, दोनदा तुमच्या दारात येऊन गेलेली बाई आहे ती. बापलेकांनी बाहेर ओट्यावर बसावं. तो बाटल्यांची झाकणं रंगाप्रमाणे ओळीने लावतो असं तुम्ही लिहिलंय, ती पिशवी तेवढी आठवणीने बरोबर घ्या.